बडोद्याचे पाचशे सत्याहत्तर

२०१६ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. वासण्याच्या आमच्या घरात मी दुपारचा चहा घेत बसलो होतो. इतक्यात शाळेतून आलेला नातू दप्तर सोफ्यावर टाकून म्हणाला, "आजोबा, आपला विक्रम मोडला! आणि तोही आपल्याच माणसांनी मोडला." मुंबईच्या वानखेडे मैदानावर महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी नाबाद ५९४ धावांची भागीदारी केली होती. रणजी करंडक स्पर्धेतील भागीदारीचा उच्चांक त्यामुळे बडोद्याकडून महाराष्ट्राकडे गेला. नातवाच्या वाक्यात 'आपला' हा शब्द दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. त्याच्या ते ध्यानातही आले नाही. मला मात्र तो शब्द दिवसभर पुरला.

तो मोडलेला आकडा होता ५७७. क्रिकेटचे वेड असलेल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत, विशेषतः मागच्या पिढीच्या माणसांत, हा आकडा सांगताना कोणाला आठवावे लागत नसे. १९४६-४७ च्या रणजी हंगामाचा अंतिम सामना बडोद्यास झाला तो १९४७ च्या मार्च महिन्यात. समोर होता इंदूरचा होळकर संघ. त्या काळी होळकरांचा संघ म्हणजे कर्नल सी. के. नायडूंनी घडवलेली फौज होती. आदल्याच वर्षी याच दोन संघांत इंदूरला अंतिम सामना झाला होता. वयाची पन्नाशी गाठलेल्या नायडूंनी त्यात २०० धावा काढल्या आणि बडोद्याचा ५६ धावांनी पराभव झाला. एवढ्या थोडक्यात हातचा गेलेला करंडक बडोदेकरांच्या मनात वर्षभर सलत राहिला असणार, हे सांगण्यास कोणा साक्षीदाराची गरज नाही.

यंदा होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. पण बडोद्याचीही सुरुवात काही शोभेची झाली नाही. ९१ धावांत तीन गडी तंबूत परतले. त्यानंतर विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले ते ५३३ मिनिटे एकत्रच राहिले. जवळजवळ नऊ तास! हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदच्या ३१९ आणि दोघांची भागीदारी ५७७. वर्षभरापूर्वीच वेस्ट इंडीजमध्ये वॉरेल आणि वॉलकॉट या जोडीने बार्बाडोसकडून ५७४ धावांची अभंग भागीदारी केली होती. तो जागतिक उच्चांक बडोद्याने तीन धावांनी मागे टाकला. बडोद्याचा डाव ७८४ वर संपला. होळकरांचा दुसरा डाव १७३ धावांत गुंडाळला गेला आणि एक डाव ४०९ धावांनी करंडक बडोद्याकडे आला. ५६ धावांच्या पराभवाची ही परतफेड जरा व्याजासकटच झाली म्हणायची.

आकड्यांपेक्षा मला नेहमी त्या दोन माणसांचे नवल वाटत आले आहे. विजय सॅम्युएल हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील, एका शिक्षकाचे चिरंजीव. स्वभावाने अबोल. आपल्याकडील घरांना त्यांच्याविषयी एक गंमत मुद्दाम सांगावीशी वाटते. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडक स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. आणि ते काढले कोणाविरुद्ध, तर बडोद्याविरुद्ध! पुढे दोनच वर्षांच्या आत हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्याने आपल्याला इतके पळवले त्यालाच घरी आणावे, हा व्यवहार गायकवाडांच्या दरबारास शोभण्यासारखाच होता. त्या दिवसांत संस्थाने गुणी खेळाडूंना नोकरी देत. हजाऱ्यांना बडोद्याच्या लष्करात जागा मिळाली. शिक्षक, कारकून, वैद्य, कीर्तनकार यांना ज्या वाटेने बडोद्याने पिढ्यान्‌पिढ्या बोलावून घेतले, त्याच वाटेने सांगलीचा हा फलंदाजही आला. आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा-पणजोबा असेच आले, ते ज्याचे त्याने आठवावे.

गुल महंमद लाहोरचा. ठेंगणा, डावखुरा, चपळ. कव्हरच्या जागेवर त्याच्या हातून चेंडू सुटणे कठीण. त्या संघाच्या फिरकी गोलंदाजीचा आधार असलेला अमीर इलाही, तोही लाहोरचाच. शिवाय हेमू अधिकारी होते, पुण्याचे. असा हा बडोद्याचा संघ होता आणि त्याचा आश्रयदाता एक मराठा राजा. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' अशा धर्मवार संघांची मुंबईची पंचरंगी स्पर्धा नुकतीच बंद पडली होती, हे येथे लक्षात घ्यावे. 'इतर' या संघाकडून खेळताना याच हजाऱ्यांनी १९४३ च्या अखेरीस हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या होत्या. भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकचा वाटा २१ धावांचा. भाऊपणाचे इतके निःस्वार्थ उदाहरण दुसरे आढळत नाही!

ज्या मार्च महिन्यात बडोद्यास हा धावांचा डोंगर रचला गेला, त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लाहोरात दंगली पेटल्या. पंजाबचे मंत्रिमंडळ कोसळले होते. घराकडून काय बातम्या येत होत्या आणि गुल महंमदने बॅट कोणत्या मनाने धरली होती, याची नोंद धावफलकात असत नाही. पाच महिन्यांनी देशाचे दोन तुकडे झाले. तरीही तो आणखी काही हंगाम बडोद्याकडून खेळला, भारताकडून आठ कसोटी सामनेही खेळला; पण त्यांत त्याला फारसे यश लाभले नाही. पुढे त्याने पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले आणि १९५६ साली कराचीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्या देशाकडून एक कसोटी खेळला. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू तीनच: अब्दुल हफीझ कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद. त्यांपैकी दोघे बडोद्याचे! १९९२ साली गुल महंमद लाहोरातच वारला.

हंगामाचा आश्रयदाताही फार काळ टिकला नाही. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. होळकरांचे नाव तर १९५४-५५ नंतर रणजीतूनही गेले. बडोद्याचे मात्र राहिले. १९६० साली गुजरात राज्य निर्माण झाले, तरी गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदे असे तीन संघ वेगवेगळेच खेळत आले. राज्य गेले पण संघ उरला, आणि त्याने १९४९-५०, १९५७-५८ व २०००-०१ साली पुन्हा करंडक जिंकला. १९५७-५८ चे कर्णधार दत्ताजीराव गायकवाड २०२४ साली पंचाण्णव वर्षांचे होऊन निवर्तले. २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेचा केवळ २१ धावांनी पराभव झाला, तो प्रामुख्याने श्रीरामपूरहून बडोद्यास आलेल्या झहीर खानच्या गोलंदाजीमुळे. म्हणजे पुन्हा ती जुनीच वाट!

हजारे मात्र कोठेही गेले नाहीत. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. पण घर बडोद्यालाच राहिले, आणि १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. ५७७ चा जागतिक उच्चांक तोवर अबाधित होता. २००६ च्या जुलैत कोलंबोस संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करून तो मोडला.

नातवाला त्या दिवशी मी हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपण कोणाच्या बाजूचे? महाराष्ट्राच्या की बडोद्याच्या?" मी म्हणालो, हजाऱ्यांना विचारायला हवे होते. त्याला ते उत्तर पटले नाही. मुलांना असली उत्तरे पटत नाहीतच.

२०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या कश्यप बकले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचलविरुद्ध नाबाद ६०६ धावा केल्या आणि महाराष्ट्राचा ५९४ चा उच्चांकही मागे पडला. नातू आता कॉलेजात आहे. बातमी येताच त्याने मला ती वाचून दाखवली. मग जरा थांबून, माझी समजूत घालावी तशा सुरात म्हणाला, "पण आजोबा, ही तिसऱ्या गड्याची. चौथ्या गड्याची अजून आपलीच आहे."