दहा लाखांची सायका

‘पोरींचा लिलाव? मोंढ्यातल्या ज्वारीसारखा?’ २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा सासूबाई भडकल्याच होत्या. आता आमच्या जालन्याच्या घरात वाद रंगतो तो वेगळाच. मुंबई इंडियन्सने घेतलेली सगळ्यात चांगली खेळाडू कोणती?

लेक म्हणते, नॅट सिव्हर-ब्रंट. तिच्यासाठी ३ कोटी २० लाख मोजले. पण २०२३ च्या अंतिम सामन्यात नाबाद ६० आणि २०२५ च्या हंगामात ५२३ धावा. दोन्ही वेळा चषक मुंबईला. पैसे फिटले की! यजमानांचं मत हेली मॅथ्यूजला. ४० लाखांत आली नि पहिल्याच वर्षी स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

मी मात्र सायका इशाकच्या बाजूची. कोलकात्याची ही फिरकी गोलंदाज मिळाली अवघ्या १० लाखांत. पहिल्याच हंगामात तिने १५ बळी घेतले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती भारताकडून खेळली. तेव्हा वय २८! या वयात आपल्याकडे पोरीचा खेळ सुटून दहा वर्षं झालेली असतात.

परवा सासूबाईच म्हणाल्या, ‘अगं, तुमची ती मुंबई नंतर आली. त्याआधी इतकी वर्षं त्या लेकराला खेळू कुणी दिलं, ते बघ.’

खरंच मैत्रिणींनो, पहिली निवड घरातच होते. संध्याकाळी मैदानावर कोण जाणार आणि भांड्यांपाशी कोण बसणार, हे आपणच तर ठरवतो ना?