गुलाबी पाणी आणि एक जुना प्रश्न

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे आपले वसतिगृह रिकामे होते. परंतु घरी परतलेल्या विद्यार्थ्यांचे फोन येत होते. एकाने विचारले, "सर, हे अशुभ आहे, काहीतरी अघटित घडणार, असे सगळे म्हणतात. खरे काय?" मी त्याला उलट विचारले, "म्हणणारे कशावरून म्हणतात?" इतिहास शिकविताना हाच प्रश्न मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचे मोल आपल्या जिल्ह्यातील या सरोवराइतके क्वचितच दुसरे काही समजावून देईल.

लोणारविषयीचे परंपरागत स्पष्टीकरण कथेचे आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली राहत होता. विष्णूने त्याचा वध केला आणि हे विवर उरले. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. 'लवण' म्हणजे मीठ. पाण्याचा खारेपणा लोकांनी फार पूर्वीच ओळखला होता, एवढे तथ्य या कथेत निश्चित आहे. सोळाव्या शतकातील 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथातही मेहकर-लोणार परिसरात काच आणि साबण बनविण्याचे जिन्नस मिळत असल्याची नोंद आहे. म्हणजे हा खार गोळा करणारे कष्टकरी हात येथे होते. कथेत दैत्याचे नाव टिकले. त्या हातांची नावे टिकली नाहीत.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाचे वेगळेपण नोंदविले. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसापासून बनलेला असल्याने हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. तर्क सयुक्तिक होता, पण पुरावा वेगळे सांगू लागला. विवरात छिद्रे पाडून खालचे खडक तपासले, तेव्हा त्यांत मस्केलिनाइट आढळले. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातील स्फटिकांचे काचेसारखे रूप होते, ते हे द्रव्य. ज्वालामुखीतून ते तयार होत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने झाल्याचे मान्य झाले. त्याचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जाई. नंतरच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. चूक दाखविणारा पुरावा मिळताच मत बदलणे, यात विज्ञानाला कमीपणा वाटत नाही.

गुलाबी रंगाचेही तसेच झाले. नमुने प्रयोगशाळेत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारता वाढली, हे जीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. पुढे तो रंग ओसरला.

एखाद्याला वाटेल, अशुभ म्हटल्याने कोणाचे काय बिघडले? पाण्याविषयीची न तपासलेली समजूत काय करू शकते, हे महाडने पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. पाण्याचा रंग, चव, गुण यांत तिळमात्र फरक पडला नाही. तरीही 'बाटलेले' तळे शुद्ध करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. ज्या पाण्यावर गुरेढोरे येत, तेथे माणसाला मज्जाव होता आणि त्यासाठी आधार सांगितला जाई तो पुरातन वहिवाटीचा.

बाबासाहेबांनी न्यायालयात नेमका तोच प्रश्न उभा केला : ही वहिवाट पुरातन आहे, हे कशावरून? दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, ही वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही. जी रूढी सनातन म्हणून मिरविली जात होती, ती पुराव्याच्या कसोटीला उतरली नाही. तळ्यावरचा आपला हक्क कायद्याने मान्य झाला.

या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. ते अकुशल की कुशल, हे स्वतः जाणून घ्या. गुरूलाही यातून सूट नाही, हे मला शिक्षक म्हणून विशेष मोलाचे वाटते.

पालकांना एक विनंती. सुटीत घरी आलेले मूल "कशावरून?" असे विचारील, तेव्हा त्याला उद्धट म्हणू नका. त्या प्रश्नानेच आपल्याला तळ्याचे पाणी मिळवून दिले आहे. आणि माजी विद्यार्थ्यांनो, लोणारला जाल तेव्हा मुलांना दैत्याची कथा अवश्य सांगा. नंतर काठावर बसून त्यांच्याबरोबर तो प्रश्नही विचारा.