नाटेकरांचा गौरव

मनमाडच्या आमच्या घरी नाटेकर म्हटलं की नंदू, म्हणजे बॅडमिंटन. १९६१चा पहिला अर्जुन पुरस्कार त्यांचा. मला मात्र त्यांचा मुलगा गौरव जास्त जवळचा वाटतो. वडिलांनी तरुणपणी सोडलेलं टेनिस त्यानं धरलं आणि राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा जिंकलं. १९९४ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत दुहेरीत सुवर्ण, शिवाय सांघिक सुवर्णही! १९९६ला त्यालाही अर्जुन मिळाला.

व्यावसायिक टेनिसमध्ये पगार नसतो. प्रवास, प्रशिक्षक, हॉटेल असा बराचसा खर्च खेळाडूच्या खिशातून. छोट्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलात तर हाती जेमतेम रक्कम. म्हणून अशा खेळात गौरवनं मिळवलेली ही सुवर्णपदकं मला फार मोठी वाटतात. पालकहो, मुलांना क्रिकेटच्या बॅटीबरोबर एकदा टेनिसची रॅकेटही हाती द्या.