सर्वांत कमी दर आणि धरणाखालचे गाव

धरणाच्या पायाभरणीला कोनशिला असते, समारंभ असतो, हारतुरे असतात. त्याच धरणाला वीस वर्षांनी लागलेली गळती बंद करण्याच्या कामाला यांपैकी काहीच नसते. असते ती केवळ एक निविदा. ती कोणाला मिळाली आणि कोणत्या निकषावर, याची चौकशी धरणाखालच्या गावात सहसा कोणी करीत नाही.

नरवीर तानाजींच्या समाधीने पावन झालेल्या उमरठसारख्या पोलादपूर-महाडकडील गावांना पाण्याची दोन्ही रूपे परिचित आहेत. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात वाड्यावाड्यांतून हंडे रिकामे राहतात. धरणांची गरज म्हणूनच वादातीत आहे. प्रश्न त्यांच्या निगराणीचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तपासणी होऊन तो सुरक्षित ठरविला गेला होता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. झालेली डागडुजी वरवरची होती, असा त्यांचा आरोप होता. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकड्यांनी निविदा भरलेली नसते, एवढे तरी लक्षात घ्यावयास हवे होते.

सरकारी कामाची रूढ पद्धत सरळ आहे. दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार होते. पहिल्या लिफाफ्यात अनुभव, यंत्रसामग्री व बयाणा रकमेचे कागद असतात, दुसऱ्यात दर. पहिल्या चाळणीतून उतरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम मिळते. आता हे लिफाफे संगणकाच्या पडद्यावर उघडतात, इतकाच फरक. या पद्धतीचा गुण नाकारता येणार नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीला तीत वाव थोडा राहतो आणि लेखापरीक्षकाला उत्तर देणे सोपे जाते.

परंतु शाळेची बाके घेणे आणि धरणाची दुरुस्ती करून घेणे यांत मूलभूत भेद आहे. बाक समोर दिसते. भिंतीत दाबाने भरलेले सिमेंट किती खोल गेले, मातीच्या भरावावर रोलर किती वेळा फिरला, हे काम संपल्यावर दिसत नाही. बिल मात्र मोजमाप पुस्तकातील नोंदीवर निघते. वस्तूचा दर्जा विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. येथेही तोच न्याय लागू पडतो. अंदाजपत्रकाहून फार खाली दर भरणाऱ्या कंत्राटदारापुढे तूट भरून काढण्याचे दोनच सोपे मार्ग उरतात : न दिसणाऱ्या कामात काटछाट करणे किंवा वाढीव कामाचे प्रस्ताव पुढे करणे. प्रामाणिक कंत्राटदार या स्पर्धेत हरतो आणि पुढच्या वेळी निविदाच भरीत नाही.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामांसाठी गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत भार देण्यास मुभा दिली, ती या दोषाच्या जाणिवेतूनच. मात्र गुण देणारा हात निःस्पृह नसेल, तर दराची शिस्तही जाईल आणि दर्जाही येणार नाही. रायगड जिल्ह्यातीलच बाळगंगा धरणाच्या ठेक्याबाबत २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागास गुन्हा नोंदवावा लागला. दोष सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम; पण निवडीचे नियम कागदावर असणे पुरेसे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

पैशाचा प्रश्नही लहान नाही. केंद्राने २०२० मध्ये मंजूर केलेल्या धरण पुनर्वसन योजनेच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांचा खर्च १०,२११ कोटी रुपये असून तीत महाराष्ट्रासह १९ राज्यांतील ७३६ धरणे आहेत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक केली आहे.

या तपासणीची सांगड कंत्राटाशी घातली पाहिजे. काम करणारा, मोजणारा आणि तपासणारा या तीन व्यक्ती परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. अनामत रकमेचा मोठा हिस्सा किमान तीन पावसाळे गळती मोजल्यानंतरच परत मिळावा. अवास्तव कमी दराचे कंत्राटदाराने लेखी विश्लेषण द्यावे. आणि निविदा, मोजमाप व तपासणीचा अहवाल धरणाखालच्या ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा.

सर्वांत कमी दराने वाचलेले पैसे तिजोरीत दिसतात. त्या बचतीचा धोका मात्र अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. तो धरणाखाली झोपलेल्या वाडीच्या खाती मांडला जातो. निविदा उघडताना त्या वाडीसाठी एक खुर्ची राखून ठेवणे, हीच खरी काटकसर होय.