आठव्या थेंबाला पिवळं

रविवारी सकाळी चहा टाकण्याआधी माझं एक काम ठरलेलं असतं. टाकीतलं पाच मिलिलिटर पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात क्षारता मोजण्याचं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि मोजत राहायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं आणि पुढे निळंच राहतं. आठव्या थेंबाला ते पिवळं पडलं की मी निर्धास्त. नवव्याला पडलं तरी हरकत नाही. पण गेल्या रविवारी आठ होते आणि आज सहाच लागले, तर चहा राहतो बाजूला आणि शोधाशोध सुरू होते.

न्यू जर्सीत आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये चार फूट लांब, ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मऊ, मांसल आणि कठीण अशी तिन्ही तऱ्हांची प्रवाळं एकत्र नांदतात. या मांडणीला ‘मिक्स्ड रीफ’ म्हणतात. घरी येणारे लोक आधी क्लाउनफिशच्या जोडीची चौकशी करतात. पण टाकीतला खरा संसार प्रवाळांचा आहे, आणि तो चालतो पाण्यावर.

उजेडावर जगणारा प्राणी

प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. तोंडाभोवती स्पर्शकांचं कडं असलेली इवलीशी पिशवी म्हणजे एक पॉलिप, आणि अशा शेकडो पॉलिपांची वसाहत म्हणजे आपल्याला दिसणारं प्रवाळ. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं मुक्कामाला असतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. कठीण प्रवाळं शिवाय पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेऊन त्याचा सांगाडा बांधतात. उजेड हे अन्न आणि पाण्यातले क्षार हे बांधकामाचं सामान. एवढं ध्यानात ठेवलं की टाकीभोवतीचं प्रत्येक यंत्र तिथे का आहे ते कळतं.

टाकी, पाणी, मीठ

नवखा माणूस लहान टाकी घेतो आणि तिथेच फसतो. चाळीस लिटरांतून एक लिटर उडून गेलं तर खारटपणा लगेच वाढतो. २८० लिटरांना ते जाणवतही नाही. पहिली टाकी दोनशे लिटरच्या आत नको. मात्र पाणी, दगड, काच आणि स्टँड धरून आमच्या टाकीचं वजन चारशे किलोंच्या वर जातं. म्हणून ती बेसमेंटच्या काँक्रीटवर आहे.

नळाचं पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असतो, कधी फॉस्फेट, कधी पाइपांमधून आलेलं तांबं, आणि तांबं कोळंबी-प्रवाळांना विष आहे. आधी आरओ, मग डीआय रेझिन असं पाणी गाळून, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ इथे पुरा पडत नाही. मीठही स्वयंपाकघरातलं नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार समुद्राच्या प्रमाणात असलेलं खास मीठ लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम विरघळवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६, आहे ना ते बघायचं. तापमान २५-२६ अंश सेल्सियस.

वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी; मीठ मागे राहतं. म्हणून पातळी उतरली की वरून गोडं पाणीच घालायचं. हिवाळ्यात घरातली हीटिंग सुरू झाली की आमच्या टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. तेव्हा हे काम फ्लोट असलेल्या छोट्या पंपावर सोपवलं आहे.

विरजण लावायचं

टाकी भरली म्हणजे ती तयार झाली असं नाही. मासा श्वास घेतो, खातो, घाण करतो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तोच त्याला मारतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू सच्छिद्र दगडावर वस्ती करतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत सागरी दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी कशी चालते, हे १९६१ मध्ये अमेरिकी मासिकात लिहून दाखवलं. आजही पाया तोच आहे.

जुन्या टाकीतल्या दगडाचा एखादा तुकडा नव्या टाकीत ठेवणं म्हणजे विरजण लावणं. दूध कितीही चांगलं असलं तरी दही आपल्या वेळेनेच लागतं. थोडा अमोनिया घालून चार-सहा आठवडे थांबायचं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरलं नाही, की पहिला मासा सोडायचा.

त्यानंतर टाकी कुरूप होते. वाळूवर तपकिरी थर येतो, मग दगडावर हिरवे केस. इथे बरेच जण कंटाळून बाटलीतली औषधं ओततात. गोगलगायी सोडा, पाणी बदला, वाट बघा. नाजूक ॲक्रोपोरा पहिले सहा-आठ महिने आणूच नका.

तीन शेजारी

मऊ प्रवाळं, म्हणजे झोअँथिड, मशरूम, लेदर, ही सोशिक. त्यांना मंद उजेड पुरतो. मांसल पॉलिपांची टॉर्च, हॅमर यांना मध्यम उजेड आणि झुळझुळणारं पाणी लागतं. ॲक्रोपोरा-मॉन्टिपोरासारख्या बारीक पॉलिपांच्या कठीण प्रवाळांना लख्ख उजेड आणि खळबळता प्रवाह हवा. उजेड ‘पार’ (PAR) या मापात मोजतात: खाली वाळूजवळ ५० ते १००, मध्ये १५०च्या आसपास, माथ्यावर २५० ते ३५०. उजेड पाण्यातून खाली जाताना आपोआप मंदावतो, त्यामुळे एकाच दिव्याखाली तिन्ही मजले मिळतात. लाटा करणारे पंप तासाला टाकीच्या वीस-तीस पट पाणी हलवतात. प्रवाळ जागचं हलत नाही, म्हणून प्राणवायू आणि अन्न त्याच्यापर्यंत न्यावं लागतं आणि घाण काढून आणावी लागते.

दिवसा गुण्यागोविंदाने राहणारे हे शेजारी रात्री भांडतात. दिवे मालवल्यावर टॉर्चने लांब स्पर्शक बाहेर काढून शेजारच्या मॉन्टिपोराला डंख मारलेला मी विजेरीच्या उजेडात पाहिला आहे. सकाळी तिथे रुपयाएवढा पांढरा डाग होता. तेव्हापासून टॉर्चभोवती वीतभर जागा मोकळी ठेवतो. लेदर तर पाण्यात रसायनं सोडून दूरच्यांनाही खुरटवतं. त्यावर सक्रिय कोळशाची पिशवी हा उपाय; ती दर महिन्याला बदलायची.

टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी असते, ती संप. तिच्यात हीटर आणि प्रोटीन स्किमर बसतात. समुद्राच्या लाटेचा फेस जसा घाण किनाऱ्यावर लोटतो, तसाच स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण ती कुजण्याआधी वरच्या कपात लोटतो. तो कप आठवड्यातून दोनदा धुवायचा. नाक धरून.

जमाखर्च

आता थेंबांकडे. क्षारता म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटचं माप. माझ्या चाचणीतला एक थेंब म्हणजे क्षारतेचा एक जर्मन अंश, डीकेएच. समुद्रात ती सातच्या आसपास असते. टाकीत आठ-नऊ ठेवतात. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००च्या पुढेमागे. सांगाडा बांधताना क्षारतेचा एक अंश खर्ची पडला की त्याबरोबर सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. ४२० मधून सात गेले तर पत्ताही लागत नाही. आठातून एक गेला तर लगेच दिसतो. म्हणून क्षारता आधी मोजायची.

खर्च कळला की तेवढी भर रोज घालायची. सोडियम कार्बोनेटचं एक द्रावण, कॅल्शियम क्लोराइडचं दुसरं. दोन्ही वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी सोडायची, नाहीतर पाण्यातच चुना होऊन बसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र पार शून्यावर नेऊ नयेत. पाच-दहा मिलिग्रॅम नायट्रेट आणि किंचित फॉस्फेट प्रवाळांनाही लागतं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बाकीचे क्षार आणि घाण दोन्हींचा हिशेब साधारण जुळतो.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी पाणी सहाव्याच थेंबाला पिवळं पडलं. मी घाबरलो आणि एका रात्रीत क्षारता दहावर नेली. चार दिवसांत ॲक्रोपोराची टोकं करपली, मग बुडापासून कातडी सुटत गेली. नंतर पाहिलं तर रोजची भर घालणाऱ्या डोसिंग पंपाच्या नळीत क्षार साचून ती बुजली होती. नळी साफ करायला दोन मिनिटं लागली. सहावर ते प्रवाळ जगलं असतं. एका रात्रीतली उडी त्याला सोसली नाही. आता दिवसाला एका अंशापेक्षा जास्त बदल करत नाही, आणि आकडा बिघडला की आधी चाचणी पुन्हा करतो, मग नळ्या तपासतो, भर सगळ्यात शेवटी.

सावधगिरी

नवं प्रवाळ थेट टाकीत जात नाही. आधी कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवून, झटकून, भिंगाने अंडी शोधायची. झोअँथिड आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असे पॉलिप चिकटलेला दगड कधीही उकळू नका. त्या वाफेने माणसं इस्पितळात गेली आहेत.

आमच्या टाकीतला प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढलेला आहे. फांदी कातरायची, सिरॅमिकच्या बिल्ल्यावर घट्ट सुपरग्लूने चिकटवायची, की काही महिन्यांत नवी वसाहत. समुद्रातून काही काढावं लागत नाही.

भारतातल्या वाचकांनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळं वाघाच्या पंगतीला आहेत. ती समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा आहे. दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणाला तरी कायदेशीर कागद दाखवल्याशिवाय काही घेऊ नका. खाऱ्या पाण्याची हौस नुसत्या माशांच्या टाकीवरही भागते. प्रवाळ बघायचंच असेल तर मालवणला जा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळं दिसतात. पाणी निवळ असेल तेव्हा मुखवटा लावून वरून बघा, पाय टेकू नका, आणि तुटलेला तुकडाही खिशात घालू नका.