चित्रकथेतील समलिंगी प्रणय आणि खेळाचे नियम

प्रौढ वाचकांसाठी रचलेल्या एखाद्या अद्भुतरम्य चित्रकथेत दोन पुरुषांचे प्रेम रंगविलेले असेल, तर तिचे भूमिका-खेळात रूपांतर करताना नेमके काय पलीकडे न्यावयाचे, हा प्रश्न साहित्याभ्यासकालाही विचारात घ्यावा लागतो. भूमिका-खेळ म्हणजे काही जणांनी एकेक पात्र स्वीकारून संवाद आणि फासे यांच्या आधारे मिळून कथा घडविणे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने हा प्रकार रूढ केला, १९८४ मध्ये ‘एल्फक्वेस्ट’ या चित्रकथेवरही असा खेळ निघाला.

चित्रकथेत वाचक पाहतो. खेळात तो पात्राच्या वतीने बोलतो. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात एका स्त्रीला स्त्रीविषयी वाटणारी ओढ आपणांस बापूच्या निवेदनातून कळते. खेळात असा निवेदकाचा आडपडदा उरत नाही. खेळाडूला ‘मी’ म्हणूनच बोलावे लागते. शिवाय कथानक आधी ठरलेले नसल्यामुळे ते जसेच्या तसे नेता येत नाही. नेता येतो तो त्या जगाचा न्याय, आणि त्याचे वास्तव्य नियमांत असते.

मराठी परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, दुर्गुणांचे साप खाली ओढतात. ‘काम’ हाही तेथे सापच. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांनी बुद्धिबळातील घोड्याच्या चालीची कोडी रचली आणि ‘श्रीतत्त्वनिधी’मध्ये खेळांसाठी ‘कौतुकनिधी’ हा स्वतंत्र भाग ठेवला. खेळ हे अर्थवहनाचे गंभीर साधन आहे, ही जाण आपल्याकडे जुनीच म्हणावी लागेल.

आता ज्या चित्रकथेत समलिंगी प्रेम लज्जास्पद मानलेले नाही, तिच्या खेळात आकर्षणाला गुणहानीचा नियम जोडला, तर पात्रे तीच राहूनही अर्थ उलटतो. मोक्षपटातला साप परत येतो. उलटपक्षी प्रियकर हे गुण मिळविण्याचे लक्ष्य ठरविले, तर माणसाचे बक्षीस होते. एव्हरी ॲल्डर यांच्या ‘मॉन्स्टरहार्ट्स’ने (२०१२) वेगळा मार्ग काढला: पात्राला कोणाची ओढ वाटावी हे फासे ठरवितात, तेथे लिंगभेदाची आडकाठी नाही, त्या ओढीचे काय करावयाचे हे मात्र खेळाडू ठरवितो.

एक भेद आणखी आहे. नको वाटणारे चित्र पान उलटून टाळता येते. खेळात इतर जण समोर बसलेले असतात. म्हणून जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी सुचविलेल्या ‘एक्स-कार्ड’ या युक्तीचे महत्त्व. कोणीही पत्त्याला स्पर्श केला की तो प्रसंग कारण न विचारता वगळला जातो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्या निर्णयाच्या मुळाशी असलेली संमती हीच अशा रूपांतराचीही कसोटी होय. ती नियमांत उतरली नाही, तर चित्रे कितीही देखणी असोत, मूळ कथा खेळात पोहोचलीच नाही असे म्हणणे भाग आहे.