दूधगंगा-वेदगंगेचा सीमेवर तुटलेला अभ्यास

जुलैत पावसाने जोर धरला की बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी-चिकोडी भागातल्या वर्तमानपत्रांत तीच नावे छापून येतात: जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवरचे हे बंधारे पाण्याखाली गेले, वाहतूक बंद झाली, पर्यायी मार्ग अमुक. बहुतेक कोल्हापुरी पद्धतीचे आहेत. पावसाळ्यापूर्वी बरगे (फळ्या) काढायचे, पाऊस सरला की घालायचे आणि साठलेल्या पाण्यावर उन्हाळा काढायचा. वरून रस्ता. दूध डेअरीला, मुले शाळेला, ऊस कारखान्याला याच रस्त्याने जातो. बंधारा बुडाला की नदीपलीकडचे शेत डोळ्यांसमोर असूनही मैलोगणती लांब जाते.

या नद्यांचा अभ्यास झाला नाही, असे म्हणता येणार नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत तो भरपूर झाला. पण प्रत्येकाने आपापला प्रश्न घेऊन केला आणि काठावरच्या माणसाचा प्रश्न त्यात क्वचितच होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांचे उगम सह्याद्रीत, आजच्या महाराष्ट्राकडे राहिले आणि खालचा काठ दुसऱ्या राज्यात पडला. पाऊस एका सरकारच्या नोंदवहीत, पूर दुसऱ्याच्या. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा 1976 मध्ये लागू झाला. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी आकडेवारीचे डोंगर उभे केले. पण लवादापुढचा प्रश्न कोणाला किती पाणी, हा होता. काळम्मावाडीचे दूधगंगा धरण दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. त्याच्या 25 टीएमसींपैकी 4 टीएमसी पाणी कर्नाटकाच्या वाट्याचे. या वाट्यावर दर उन्हाळ्यात पत्रव्यवहार होतो. पावसाळ्यात त्याच नदीतून येणाऱ्या पुराचा मात्र वाटा ठरलेला नाही. जो खाली आहे, त्याचाच तो.

दरम्यान शिवार बदलत होते. निपाणी म्हणजे तंबाखू, अशीच तिची ओळख. काळ्या रानात पावसाच्या ओलीवर येणारे ते पीक व्यापाऱ्याच्या दरावर विकावे लागे. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तंबाखूतून हक्काचा दर हाती लागेना; पुढे नदीचे पाणी उपसा योजनांनी आणि कालव्यांनी वर आले, साखर कारखाने उभे राहिले आणि रान उसाखाली गेले. शेतकऱ्याने केले ते शहाणपणाचेच होते. ऊस एकदा लावला की कारखाना तो नेतो आणि बिल थेट बँकेत येते. पण त्यामुळे नदीकाठची मळीची जमीनही बारमाही उसाची झाली आणि पुराच्या नुकसानीचे गणित पालटले. पूर्वी मळीत पाणी आले तर गाळाचा थर देऊन ओसरायचे. आता तिथे वर्षभराचे भांडवल उभे असते. ऊस चिवट आहे, चार दिवस पाण्यात तग धरतो. पण शेंडा आठ-दहा दिवस बुडून राहिला, पोंग्यात गाळ बसला की तो कुजतो. मग कांडीवरचे डोळे फुटून पांगशा निघतात आणि वजन व साखरेचा उतारा दोन्ही जातात. म्हणून पाणी किती चढले यापेक्षा ते किती दिवस थांबले, हा इथला खरा प्रश्न आहे. समित्यांच्या चर्चेत मात्र पातळीच ऐकू येते.

1987 मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे कठीण खडक प्रादेशिक केंद्र बेळगावात सुरू झाले, ही या भागाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत कोणत्या जमिनीत पाणी किती मुरते, याची मोजमापे या केंद्राने केली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम घाटातील एका संशोधनात येथील शास्त्रज्ञ सहभागी होते. नैसर्गिक जंगलाखालची माती पाणी चांगले मुरवते. वापराने तुडवली गेलेली, उजाड माती ते तसे मुरवत नाही आणि जोराच्या पावसात पाणी वरूनच धावते, असे त्यातून दिसले. घाटमाथ्यावरची झाडी आणि सदलग्याच्या उसाचा शेंडा यांचा संबंध इतक्या थेटपणे सांगणारे काम दुसरे माझ्या वाचनात नाही. केंद्रीय जल आयोगाचीही सदलगा (दूधगंगा), गोटूर (हिरण्यकेशी) आणि दड्डी (घटप्रभा) येथे मोजणी केंद्रे आहेत. नदी इथे नियमित मोजली जाते. त्या मोजणीचा गावातल्या माणसाशी संबंध मात्र जुळलेला नाही. वर पाणी किती आले, हे तो आजही कागल-भुदरगडकडच्या पै-पाहुण्यांना फोन करूनच विचारतो आणि नदीकाठची मोटार काढायची की ठेवायची, ते ठरवतो.

2005 च्या महापुरानंतर सगळी चर्चा एका नावाभोवती फिरू लागली: कृष्णेवरचे कर्नाटकातले अलमट्टी धरण. 2010 मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने अलमट्टीची उंची 519.6 वरून 524.256 मीटर करायला परवानगी दिली आणि धरणाच्या फुगवट्याने वर पूर येतो हा संशय पक्का झाला. 2019 चा ऑगस्ट आला. कोल्हापुरात पंचगंगा 55 फुटांवर गेली, तर इकडे बेळगाव जिल्ह्यात कृष्णाकाठापासून गोकाकपर्यंत घरे पडली. महाराष्ट्राने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने 2020 मध्ये अहवाल दिला. कोल्हापूर-सांगलीच्या पुराचे खापर अलमट्टीवर फुटेल, ही अनेकांची अपेक्षा तिने पूर्ण केली नाही; अतिवृष्टी आणि पात्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. काम मोलाचे होते, पण समिती महाराष्ट्राची आणि तिचा प्रश्न महाराष्ट्राचा. दत्तवाडच्या पलीकडचे मलिकवाड तिच्या नकाशाबाहेर राहिले. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पुरात वेदगंगा यमगर्णीजवळ महामार्गावर चढली आणि निपाणीचा कोल्हापूरशी संपर्क तुटला.

भरपाईचा अभ्यास तर माझ्या माहितीत कुणीच नीट केलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते. पिकाची मदत जमिनीच्या उताऱ्यावरच्या नावाला मिळते. वाट्याने रान करणारा, पुरानंतर महिनाभर काम नसणारी भांगलणीची बाई, ओल धरलेली पाने आणि तंबाखू टाकून द्यावी लागणारी विडी कामगार यांचे नाव उताऱ्यावर नाही, म्हणून नुकसानीच्या आकड्यांतही नाही.

2025 मध्ये अलमट्टीच्या उंचीचा वाद पुन्हा पेटला. महाराष्ट्राने विरोध नोंदवला, कर्नाटक सरकारने उंचीवाढीने बुडणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याचा निर्णय घेतला. दोन्हीकडचे दावे आपापल्या हद्दीतल्या आकड्यांवर उभे आहेत. सदलग्यापासून हिप्परगी बॅरेजपर्यंत पाणी नेमके कुठे आणि किती दिवस तुंबते, त्यात बंधारे, पुलांचे भराव आणि पात्रालगतचा ऊस यांचा वाटा किती, याची एकत्र मोजणी दोन्ही राज्यांच्या जलसंपदा खात्यांनी मिळून आधी करायला हवी. मोजणी केंद्रे आहेत, बेळगावात संस्था आहे, कोल्हापुरात विद्यापीठ आहे, आणि कोणत्या साली पाणी कुठल्या पायरीला लागले हे सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत.